२८० डॉलरचे बूट आणि चेनचा रनर

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ऑफिसात पोचल्या पोचल्या, डाव्या बुटाच्या चेनचा रनर घोट्यापाशी अडकला तो अडकलाच. वर जाईना, खाली येईना. पक्कड लावून ओढला तर ओढायची पट्टीच हातात आली. दहाच्या मीटिंगला मी उजव्या पायात टेबलाखाली ठेवलेली सपाता आणि डाव्या पायात हा बूट अशी बसले. बर्फ वितळून बुटाखाली गालिच्यावर तळं साचत होतं आणि मला त्या तळ्यात माझे २८० डॉलर दिसत होते.

बुटांची माहिती सगळीकडे आहे, ती इथे पुन्हा लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे. सायकलसाठीचे क्लीटवाले (क्लीट म्हणजे तळव्याखालची, पेडलमध्ये अडकणारी खाच) हिवाळी बूट, डब्यावर ‘उणे २५ पर्यंत’ छापलेलं, एवढं पुरे. मी अमेरिकेत, मिनिसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसमध्ये राहते. सायकलने ऑफिसला जायचे साडेनऊ किलोमीटर, यायचे तेवढेच. त्यातला बराचसा रस्ता मिडटाऊन ग्रीनवेचा. जुन्या रेल्वेच्या खोल चरातून काढलेला हा सायकलमार्ग, आणि इथला बर्फ बऱ्याचदा आमच्या गल्लीच्या आधी साफ होतो. चरात असेपर्यंत वारा डोक्यावरून जातो. पूर्वेकडे मार्ग वर येतो आणि हायावाथा अव्हेन्यूवरचा साबो पूल लागतो, तिथे सगळी मजा संपते. हवा उणे १८ आणि समोरून ताशी २४ किलोमीटरचा वारा असला की अंगाला ते उणे २९ सारखं झोंबतं. माझ्या पायांची परीक्षा रोज त्याच पुलावर व्हायची.

ऑक्टोबरात सेलमध्ये घेतले. नवऱ्याने रुपयांत हिशेब करून दाखवला, सुमारे २४,००० रुपये. मी म्हटलं, गाडीचं पार्किंग वाचतंय ना. (तो गाडीने जातो, त्यामुळे वाचत काहीच नाही, पण त्याच्या लक्षात आलं नाही.)

नोव्हेंबरात मी खूश. पाय कोरडे, बूट हलके, घोट्याला वारा नाही. हा अनुभव तेव्हा लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

डिसेंबरात पारा उणे १५ च्या खाली गेला आणि पुलापर्यंत येता येता चवड्याखाली, बरोबर एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढा बर्फाचा तुकडा ठेवल्यासारखं वाटायला लागलं. बाकी पाय ठीक. सोलापूरला आईला सांगितलं तर ती म्हणाली, “दोन मोजे घाल की गं!” घातले. पाय आणखी गार! बूट माझ्या नेहमीच्या मापाचा. दोन जाड मोज्यांनी तो आवळला, आत हवेला जागा उरली नाही आणि बोटांकडे रक्तही नीट जाईना. लहानपणी बाबा शाळेचे बूट नेहमी एक नंबर मोठे आणायचे, पुढे कापूस कोंबून, वाढत्या पायाचे म्हणून. तेव्हा लाज वाटायची. हिवाळी सायकलच्या बुटांना मात्र तोच नियम आहे: एक नंबर मोठा घ्या, जाड मोजा घालून बघा, आत बोटं हलली पाहिजेत.

चवड्याखालचं नाणं त्याने गेलं नाही. एका रविवारी आतली गादी काढली तर खाली क्लीट बसवायच्या लांबट फटी आणि धातूची पट्टी उघडीच. वर पातळ स्टिकर, बस. बाहेर धातूचं पेडल, त्याला धातूचा क्लीट, त्याचे स्क्रू आत धातूच्या पट्टीत. म्हणजे चांगला उबदार डबा बनवायचा आणि तळाला खिळा ठोकून थंडी आत घ्यायची! फटींवर टेप मारली, जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून गादीखाली घातला. फरक पडला, पण अर्धाच.

दुसरा अर्धा पावाच्या पिशवीने पाडला. ही युक्ती माझी नाही, इथले जुने लोक वर्षानुवर्षं करतात. आधी पातळ मोजा, त्यावर ब्रेडची रिकामी प्लास्टिक पिशवी, त्यावर लोकरीचा मोजा. घाम लोकरीत मुरत नाही, लोकर कोरडी राहते आणि कोरडी लोकर जास्त ऊब देते. ऑफिसात पिशवी काढली की बोटं भिजवलेल्या बदामासारखी निघतात. वास वगैरे प्रश्न विचारू नका. खर्च शून्य, त्यामुळे मला ही सगळ्यात आवडली.

इथे माझं मत एकदा फिरलं. जानेवारीत २२ डॉलरची सपाट प्लास्टिकची पेडलं लावली आणि सेकंडहँड दुकानातून १४ डॉलरचे बर्फाचे साधे बूट आणले, आतला फेल्टचा मोजा काढून वाळवता येणारे. उणे २० ला पाय गरम. मग २८० कशाला, असं कोणालाही वाटेल. पण ते बूट रुंद, टाच क्रँकला (पेडलच्या दांड्याला) घासते, घोटा वळत नाही. शिवाय पाय सगळ्यात जास्त गारठतात ते उणे २० ला नाही, उणे ३ ला. साधं मीठ उणे ९-१० च्या खाली धड काम करत नाही, तेव्हा कडाक्याच्या थंडीत रस्ता बहुतेक कोरडा असतो. उणे ३ ला मात्र मिठाचा राखाडी चिखल होतो आणि पुढचं चाक तो थेट पायावर फेकतं. याच राज्यातल्या ईली गावात मूसच्या (मोठ्या हरणाच्या) कातड्याचे मकलक, म्हणजे मऊ हिवाळी बूट, बनतात. फार सुरेख दिसतात, पण तेही कोरड्या थंडीसाठी. त्या चिखलात माझे २८० वालेच टिकले.

चेन सोडून. ती घोट्याच्या आतल्या बाजूला, जिथे चिखल उडतो तिथेच, आणि वर झाकायला साधी पट्टीसुद्धा नाही. मिठाने रनर आतून खाल्ला. सायकलच्या चेनला मी दर रविवारी तेल घालते, बुटाच्या चेनलाही घालायचं असतं हे कुठे लिहिलंय? कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, मिठाने झालेलं नुकसान हे नेहमीच्या वापरातली झीज, वॉरंटीत बसत नाही. अहो, हिवाळ्यातले सायकलचे बूट मिठात नाही तर काय साखरेत वापरायचे? तीन मेल झाल्या. दर वेळी सही वेगळ्या माणसाची आणि मजकूर तोच.

शेवटी बूट दुरुस्तीच्या दुकानात गेले. म्हाताऱ्याने जुना रनर कापून काढला, हिरवट पडलेला, आणि तळहातावर ठेवून मला दाखवला, दाताच्या डॉक्टरने किडलेला दात दाखवावा तसा. नवा रनर, १२ डॉलर. आठवड्यातून एकदा चेन कोमट पाण्याने धुवा आणि तिच्या दातांवर मेणबत्ती घासा, असं त्याने सांगितलं. तेव्हापासून घासते. अजून एकदाही अडकला नाही. ओढायच्या पट्टीच्या जागी किल्लीची कडी अडकवली आहे, जाड हातमोज्यातूनही सापडते, मुळच्यापेक्षा बरी.

आता मार्च संपत आलाय. बूट धुऊन ठेवलेत, आत आईने पाठवलेल्या शेंगाचटणीच्या पार्सलमधले सोलापूरचे पेपर कोंबलेत. तेलाचे डाग आहेत, पण ओल छान ओढतात. काल कंपनीची चौथी मेल आली: झालेल्या गैरसोयीबद्दल नव्या जोडीवर २० टक्के सूट, ३१ तारखेपर्यंत. २८० चे २२४ होतात. नवं मॉडेल उघडून फोटो मोठा करून पाहिला. चेन तिथेच आहे.