लोएबची हिरवी-लाल पुस्तकं: कोणती घ्यावीत, कोणती टाळावीत

हिरवं मुखपृष्ठ ग्रीकचं, लाल लॅटिनचं. डाव्या पानावर मूळ संहिता, समोर उजव्या पानावर इंग्रजी भाषांतर. जेम्स लोएब या अमेरिकी बँकरच्या पैशातून 1912 साली सुरू झालेल्या या मालिकेचे आज पाचशेहून अधिक खंड आहेत आणि 1989 पासून ती एकट्या हार्वर्डकडून निघते. खंडाची उंची साधारण 16 सेंटिमीटर, रुंदी 11, म्हणजे कोटाच्या खिशात सहज मावेल एवढा. विद्यापीठात क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिनचा अभ्यास, घेतलं की वरच्या वर्गातलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘लोएब घेऊन टाक.’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

आधी या पुस्तकांत काय नाही ते पाहू. शब्दार्थ नाहीत, व्याकरणावर टिपा नाहीत, तळटीपा मोजक्या आणि त्याही बहुतेक व्यक्ती, स्थळं किंवा संदर्भ सांगणाऱ्या. पाठभेदही निवडकच दिलेले असतात. कोणत्या हस्तलिखितात काय पाठ आहे हे नीट बघायचं असेल तर ऑक्सफर्डची निळी संहिता किंवा टॉयबनर या जर्मन मालिकेतली संहिता लागते. एखादं वाक्य का अडतंय हे समजून घ्यायचं असेल तर केंब्रिजची हिरवी-पिवळी भाष्यं आहेत. फुकट हवं असेल तर डिकिन्सन कॉलेजची ऑनलाइन भाष्यं आहेत. तेव्हा पहिल्या वर्षी एकच पुस्तक घेणं परवडत असेल, तर ते लोएब नसावं.

भाषांतर समोर असण्याचा तोटा शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला लगेच कळेल. सति सप्तमी आपल्याला पाठ असते. लॅटिनमध्ये तेच काम अ‍ॅब्लेटिव्ह विभक्ती करते, ग्रीकमध्ये षष्ठी. सीझरचं ‘हिस रेबुस कोग्नितिस’ म्हणजे सरळ ‘या गोष्टी कळल्या असता’. मराठीत रचना जशीच्या तशी उतरते. इंग्रजी भाषांतरकार मात्र तिथे बहुतेक वेळा कर्ता घालून स्वतंत्र उपवाक्य करतो, कारण इंग्रजी वाचकाला ते सोपं जातं. उजवं पान आधी वाचलं तर डाव्या पानावर ही रचना आहे हेच दिसत नाही. परीक्षेत मग नेमकं विचारतात: हा शब्द कोणत्या विभक्तीत, आणि का? पाठ झालेलं इंग्रजी तिथे कामाला येत नाही. न पाहिलेल्या उताऱ्याच्या भाषांतरात तर मुळीच नाही.

म्हणून वापरायची रीत अशी. उजव्या पानावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा. होमरच्या वीसेक ओळी किंवा गद्याचा एक परिच्छेद घ्यायचा. आधी क्रियापदं शोधून त्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढायची, मग प्रत्येकाचा कर्ता. कोश उघडायचा तो त्यानंतर. आपलं भाषांतर लिहून झालं की पुठ्ठा उचलायचा आणि जिथे आपण आणि भाषांतरकार वेगळे पडलो तिथेच थांबायचं. फरक दोन प्रकारचे असतात: आपली चूक, किंवा त्याने सोयीसाठी बदललेली रचना. दुसऱ्या प्रकारचे फरक ओळखता येऊ लागले की भाषा बसायला लागली असं समजावं. दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग फक्त डावीकडून वाचायचा. हे दुसरं वाचन बहुतेक जण गाळतात, आणि मग महिन्याभराने तोच उतारा पुन्हा परका वाटतो.

खरी गुंतागुंत आवृत्त्यांची. प्रत्येक खंडाला क्रमांक असतो, पण जुनी आवृत्ती बदलून नवी आली तरी क्रमांक बहुधा तोच राहतो. ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं उदाहरण बघा. 20 क्रमांकाचा जुना खंड स्टॉर या भाषांतरकाराचा, 1912 चा. त्यात ‘अँटिगनी’ आहे. 1994 मध्ये लॉइड-जोन्सने नवे खंड केले तेव्हा नाटकांचा क्रम बदलला. नव्या 20 मध्ये एजॅक्स, इलेक्ट्रा आणि ईडिपस राजा आहेत. ‘अँटिगनी’ गेली 21 मध्ये. नुसता क्रमांक बघून जुन्या बाजारातून पुस्तक मागवणाऱ्याच्या हाती भलतंच नाटक पडतं, किंवा नाटक बरोबर पण भाषांतर जुनं. स्टॉरचं भाषांतर पद्यात आहे. मूळ संहितेशी ओळीला ओळ ताडून बघायला पद्यातलं भाषांतर निरुपयोगी. युरिपिडिसचा वे (1912) आणि अ‍ॅरिस्टोफेनिसचा रॉजर्स (1924) यांचीही तीच गत. त्यांच्या जागी अनुक्रमे कोव्हाक्स आणि हेंडरसन घ्यावेत.

जुन्या खंडांची आणखी एक गंमत म्हणजे सोवळेपणा. रोमन कवी मार्शलच्या 1919 च्या खंडांत अश्लील वाटलेल्या कवितांचं भाषांतर इंग्रजीत नाही, इटालियनमध्ये दिलंय. ‘ग्रीक अँथॉलॉजी’ या प्राचीन कवितासंग्रहातल्या काही कवितांसाठी लॅटिन वापरलंय. म्हणजे ज्याला लॅटिन येतं त्याच्या नीतीची काळजी कुणाला नव्हती. 1993 च्या शॅकल्टन बेलीच्या मार्शलमध्ये हा प्रकार नाही.

डोळे झाकून घ्यावेत असे खंड: प्लेटोचं ‘रिपब्लिक’ (एमलिन-जोन्स आणि प्रेडी, 2013), त्यांचाच 2017 चा सॉक्रेटिसच्या खटल्याचा खंड, एस्किलस (सॉमरस्टाइन, 2008). होमरमध्ये मरेचं जुनं भाषांतर सुधारून घेतलेलं आहे, ‘ओडिसी’ 1995 मध्ये आणि ‘इलियड’ 1999 मध्ये. संहितेच्या जवळ राहणारं आहे, त्यामुळे शिकण्यासाठी चांगलं. वाचायला मात्र रुक्ष. सीझरच्या गॉल युद्धाचा खंड अजून 1917 चाच आहे, तरी त्याचं काही बिघडत नाही; सीझर सरळ लिहितो आणि भाषांतरही सरळ आहे. वापरलेलं पुस्तक घेताना आतल्या पानावर भाषांतरकाराचं नाव आणि कॉपीराइटचं साल दोन्ही बघायचं. विक्रेत्याने दिलेल्या वर्णनावर विसंबायचं नाही.

खर्चाचं गणित लवकर बिघडतं. नव्या खंडाची छापील किंमत 30 डॉलरच्या आसपास, आणि एका खंडात पूर्ण लेखक क्वचितच मावतो. होमरचे चार खंड, हिरोडोटसचेही चार, प्लूटार्कच्या चरित्रांचे अकरा. 2014 पासून सगळी मालिका ऑनलाइन आहे आणि बऱ्याच विद्यापीठांची ग्रंथालयं तिची वर्गणी भरतात, तेव्हा प्रवेश मिळाल्यावर आधी ग्रंथालयाचं लॉगिन तपासावं. स्वामित्वहक्क संपलेले जुने खंड ‘लोएबोलस’ या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. तिथे अर्थातच स्टॉर, वे आणि मंडळी भेटतात. शब्दावर टिचकी मारून त्याचं रूप बघायचं असेल तर टफ्ट्स विद्यापीठाचं ‘पर्सियस’. पण ते एका रूपाच्या सगळ्या शक्यता दाखवतं आणि त्यातली कोणती बरोबर याबद्दल त्याचा फक्त अंदाज असतो. लॅटिनमध्ये पहिल्या गणाच्या नामाचं चतुर्थी एकवचन आणि प्रथमा बहुवचन सारखंच दिसतं, तिथे निवड आपल्यालाच करावी लागते.

मराठी वाचकाला ही मांडणी अगदीच अनोळखी वाटणार नाही. क्ले संस्कृत मालिका आणि 2015 पासून हार्वर्डचीच, भारतीय भाषांतल्या अभिजात ग्रंथांची मूर्ती मालिका, दोन्ही लोएबच्याच धर्तीवर निघाल्या. क्लेमध्ये संस्कृत रोमन लिपीत आहे, मूर्तीत मूळ भाषेच्या लिपीत.

निबंधात संदर्भ देताना लोएबचा पृष्ठक्रमांक कधीही देऊ नये. प्लेटोला स्तेफानुसचे समासातले आकडे, अ‍ॅरिस्टॉटलला बेकरचे (दोन्ही जुन्या प्रमाण आवृत्त्यांच्या पानांचे), इतरांना ग्रंथ, अध्याय आणि परिच्छेद किंवा ओळ. काव्याच्या उजव्या पानावर दिलेले ओळींचे आकडे अंदाजे जुळतात, त्यामुळे आकडा नेहमी डाव्या पानावरून घ्यावा. आणि अभ्यासक्रमात ऑक्सफर्डची संहिता नेमलेली असेल तर लोएबच्या संपादकाने वेगळा पाठ घेतलाय का, हे अवतरण उतरवण्याआधी एकदा ताडून बघावं.