लस टोचायची की शेड रिकामी करायची?

पहाटे शेडमध्ये जा, झोपलेली डुकरं उठवा आणि तीन मिनिटं गप्प उभे राहा. एकाचा कोरडा ठसका थांबायच्या आत दुसरं खोकतं, तापबीप काही नाही, असं असेल तर पहिला संशय मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए या फुप्फुसात बसणाऱ्या जंतूचा. यात मरतूक फार नसते. खाद्य जातं, वजन मात्र चढत नाही. पेनिसिलिन घाव घालतं ते जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे पेशीभित्तिकेवर; या जंतूला ती भिंतच नाही, त्यामुळे पेनिसिलिनची इंजेक्शनं म्हणजे पैसे पाण्यात.

लशीचा मार्ग सोपा. दूध तोडायच्या सुमारास पिल्लांना टोचायची. खोकला आणि फुप्फुसांवरचे डाग कमी होतात, वाढ सुधारते. पण जंतूचा प्रवास काही थांबत नाही. बरं दिसणारं डुक्कर दोनशे दिवसांपर्यंत तो बाळगू शकतं, म्हणजे प्रत्येक बॅचला पुन्हा टोचणं आलंच.

दुसरा मार्ग स्वित्झर्लंडनं देशभर राबवला, 1996 ते 2004 या काळात. नुसतं वाढवून विकणाऱ्यांची शेडं पूर्ण रिकामी करून धुतली. पैदास करणाऱ्यांना सगळ्या माद्या विकणं परवडणार कसं? तिथं किमान दोन आठवडे दहा महिन्यांखालचं एकही जनावर ठेवायचं नाही आणि उरलेल्यांना औषध द्यायचं, असा नियम होता. काम केलं ते एकेक भाग धरून, कारण हा जंतू वाऱ्यावर शेजारच्या फार्मवरून परत येतो.

माझं मत विचाराल तर, पिल्लं विकत घेऊन वाढवत असाल तर शेड रिकामीच करा: एक बॅच पूर्ण बाहेर, धुणं, वाळवणं, मग दुसरी. मात्र पिल्लं एकाच ठिकाणची हवीत. बाजारातून चार घरची गोळा केलीत तर धुतलेली शेड आठवडाभरही स्वच्छ राहायची नाही. स्वतःच्या माद्या असतील आणि शेजारी डुकरं असतील, तर मुकाट्यानं लस.

ठरवण्याआधी कत्तलीच्या वेळी फुप्फुसं बघा. पुढच्या, खालच्या भागात जांभळट-करडे, यकृतासारखे घट्ट डाग म्हणजे बहुधा मायकोप्लाझ्माच. पण फुप्फुस बरगडीला चिकटलेलं असेल, खाटकाला ओढून सोडवावं लागत असेल आणि रात्री धडधाकट असलेलं डुक्कर सकाळी नाकाशी रक्ताळ फेस येऊन मेलेलं सापडत असेल, तर संशय ॲक्टिनोबॅसिलस या दुसऱ्याच जंतूचा. तो टॉन्सिलमध्ये दडतो, औषधानं तिथून हलत नाही. त्याच्यापुढे मायकोप्लाझ्माची लसही फुकट आणि अर्धी रिकामी केलेली शेडही.