अटलांटा आणि बर्मिंगहॅम: वर्दी कुणाच्या अंगावर?

अमेरिकेच्या दक्षिणेतली ही दोन शहरं गाडीने दोन-सव्वादोन तासांवर. वंशभेद दोन्हीकडे मुरलेला, पण पोलीस खात्याची वाट वेगळी.

अटलांटात १९४८ साली आठ कृष्णवर्णीय शिपाई भरती झाले. ही कुणाची मेहेरबानी नव्हती. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियातली, फक्त गोऱ्यांना मतदान करू देणारी, पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक १९४६ मध्ये न्यायालयामुळे मोडीत निघाली, कृष्णवर्णीयांची मतनोंदणी झपाट्याने वाढली आणि महापौर हार्ट्सफील्ड यांना त्या मतांची दखल घ्यावी लागली. तरी या आठ जणांना मुख्यालयात जागा नव्हती. बटलर स्ट्रीटच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या इमारतीच्या तळघरात वर्दी चढवायची, ड्युटी संपली की तिथेच उतरवायची. कमरेला पिस्तूल, पण गोऱ्या गुन्हेगाराला अटक करायचा अधिकार नाही! हे वाचताना आजही संताप येतो. तरीही दोन्हींत मी अटलांटाचीच वाट सरस मानतो, कारण तिथे पोलिसांवर मतपेटीचा थोडा तरी वचक आला.

बर्मिंगहॅममध्ये पहिला कृष्णवर्णीय पोलीस थेट १९६६ मध्ये आला. त्याआधी, मे १९६३ मध्ये, सुरक्षा आयुक्त बुल कॉनर यांच्या हुकमावरून वंशभेदाविरुद्धच्या निदर्शकांवर कुत्रे सोडले गेले, शाळकरी पोरांवर बंबाच्या पाण्याचे फवारे मारले गेले. सप्टेंबरात सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या. त्या खुनाची पहिली शिक्षा १९७७ साली झाली. शेवटची २००२ मध्ये, तब्बल ३९ वर्षांनी.