फेसबुकचा फॉर्म, इन्स्टाग्रामची रील की व्हॉट्सॲप? मुंबईतल्या कार शोरूमने जाहिरातीचा पैसा कुठे घालावा

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मीटिंग बसते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गेल्या महिन्यात लीड किती आल्या?" अंधेरीच्या एका शोरूममध्ये मी आधी सेल्स कन्सल्टंट म्हणून गाड्या विकल्या, आता तिथलंच सोशल मीडियाचं काम बघते. हा प्रश्न मला दर वेळी खटकतो. लीड म्हणजे शेवटी एक नाव आणि एक फोन नंबर. तो फोन उचलला जाईल का, उचलणारा मालाडला राहतो की मनमाडला, त्याला गाडी या दसऱ्याला हवी आहे की पुढच्या, यातलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही. आणि महिन्याच्या जाहिरातीचा पैसा मात्र त्याच आकड्याकडे बघून वाटला जातो.

तुम्ही शोरूमचे मालक किंवा मॅनेजर असाल आणि हा पैसा कुठे घालायचा याचा विचार करत असाल, तर माझं मत आधीच सांगून टाकते. जिथे गिऱ्हाईक आपणहून पहिला प्रश्न विचारतं आणि त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे माणूस बसलेला आहे, तिथे पैसा घाला. आता एकेक मार्ग बघू.

फॉर्म की व्हॉट्सॲप

फेसबुकवर जाहिरात दिसते, "टेस्ट ड्राइव्ह बुक करा" वर बोट पडतं, फॉर्म उघडतो आणि नाव-नंबर आधीच भरलेले असतात, कारण ते त्या माणसाच्या प्रोफाइलमधून आपोआप येतात. दोन टॅप झाले की लीड तयार. सोय तीच आणि त्रासही तोच. आमच्या टेलिकॉलरच्या शेजारी बसून मी एक अख्खी सकाळ ऐकलं आहे. "सर, काल आपण आमच्या गाडीसाठी चौकशी केली होती..." "मी? कुठली गाडी?" पुढचा नंबर बंद. त्याच्या पुढचे गृहस्थ नाशिकचे, त्यांना एमएच १५ पासिंगची गाडी हवी होती, अंधेरीला कशाला येतील? जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचा घसा बसला होता आणि यादीतल्या बहुतेक नावांपुढे 'आरएनआर' लिहिलेलं होतं, म्हणजे रिंग गेली, कुणी उचललं नाही. ती मुलगी मेहनती आहे. तिच्या हातात दिलेली यादीच कच्ची होती.

तोच पैसा व्हॉट्सॲपवर नेणाऱ्या जाहिरातीत घातला की चित्र बदलतं. जाहिरातीवर टॅप केलं की थेट आपल्या शोरूमशी चॅट उघडतं आणि समोरच्याला निदान "हाय" तरी पाठवावं लागतं. नंबर चालू असतो, कारण त्याच नंबरवरून तो बोलत असतो. लीड कमी येतात आणि एकेक लीड महाग पडते, म्हणून मालक मंडळी बिचकतात. पण हिशोब पुढे नेऊन बघा. समजा, २० हजार रुपयांत फॉर्ममधून १०० लीड आल्या आणि त्यातले ३ जण शोरूममध्ये पाऊल ठेवून गेले. तेवढ्याच पैशात व्हॉट्सॲपवर ४० आल्या आणि त्यातले ६ जण आले. फॉर्मची लीड २०० रुपयांना पडली, व्हॉट्सॲपची ५०० ला. पण शोरूममध्ये आलेला एकेक माणूस फॉर्ममधून साडेसहा हजारांच्या वर पडला आणि व्हॉट्सॲपवरून साधारण ३,३०० ला. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमचे खरे आकडे तुमच्या वॉक-इन रजिस्टरमध्ये आहेत, फक्त "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हा रकाना रिसेप्शनवर रोज मनापासून भरला गेला पाहिजे.

फॉर्म पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. नवीन मॉडेल येतं तेव्हा पहिले पंधरा दिवस तो कामाला येतो. मात्र त्यात 'हायर इंटेंट' हा प्रकार निवडा, म्हणजे पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासून खात्री करण्याची एक पायरी वाढते. एक प्रश्न हाताने टाइप करायला लावा: "सध्या कोणती गाडी वापरता?" जो एवढं लिहितो तो खरंच विचार करतोय, आणि एक्सचेंजचा विषयही तिथेच निघतो. नकाशावर शोरूमची पिन टाकून घेर ठरवा. मुंबईत किलोमीटर फसवे असतात. अंधेरीहून घाटकोपर नकाशावर जवळ दिसतं, पण शनिवारी संध्याकाळी टेस्ट ड्राइव्हसाठी तिथून कुणी निघत नाही. आणि लीड वेळच्या वेळी उतरवून घ्या, फेसबुकवर त्या ९० दिवसच मिळतात.

व्हॉट्सॲपची अडचण निराळी आहे. तिथे वेग लागतो. माणूस जेवून, मुलांना झोपवून, रात्री साडेदहाला लिहितो, "ऑन रोड किती?" तुमचं उत्तर दुसऱ्या दिवशी अकराला गेलं तर तोवर दुसऱ्या दोन शोरूमनी कोटेशन पाठवलेलं असतं. "धन्यवाद, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील" या आपोआप जाणाऱ्या मेसेजने काही साधत नाही. रात्री अकरापर्यंत फोन हातात असलेला एक माणूस, पाळीने का होईना, हवाच. तो नसेल तर ही जाहिरात सुरूच करू नका.

आणि उत्तर पूर्ण द्या. एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज, सगळं वेगवेगळं लिहून. महाराष्ट्रात पेट्रोलपेक्षा डिझेलला रोड टॅक्स जास्त, सीएनजीला कमी, कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर गणितच बदलतं. म्हणून "अंदाजे अमुक" हे उत्तर गिऱ्हाइकाला संशयाचं वाटतं. आमच्यातले काही जण म्हणतात, किमतीचा असा ब्रेकअप दिला की गिऱ्हाईक त्याचा स्क्रीनशॉट समोरच्या शोरूमला दाखवतं. दाखवू दे. न देणाऱ्याकडे ते मुळात येतच नाही.

किमतीवरून एक आठवण. २२ सप्टेंबर २०२५ ला, बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. नवरात्रात शोरूम भरलं होतं आणि आमच्या पेजवर मात्र जुन्या किमतीच्या पोस्ट तशाच पडून होत्या. लोक त्या दाखवून विचारत, "नक्की खरी किंमत कोणती?" ऐन गर्दीत दोन दिवस आम्ही त्या शोधून काढत बसलो. तेव्हापासून पोस्टमध्ये किंमत टाकायची नाही, किंमत चॅटमध्ये सांगायची, तारखेसकट, हा नियम केला.

जुन्या गिऱ्हाइकांना एकगठ्ठा मेसेज पाठवायचे असतील तर एवढं लक्षात ठेवा: व्हॉट्सॲप बिझनेसच्या साध्या ॲपमध्ये ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, आणि ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. त्याहून मोठं काम एपीआयवर, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मोठ्या धंद्यांसाठीच्या सेवेवर होतं, तिथे पैसे लागतात. गिऱ्हाइकाने लिहिल्यापासून २४ तास मोकळेपणाने बोलता येतं, नंतर फक्त मंजूर केलेलं टेम्प्लेट. सर्व्हिसची तारीख, विम्याचं नूतनीकरण यासाठी ते उत्तम. दर सणाला "धमाका ऑफर" पाठवली की लोक ब्लॉक करतात, आणि पुढे कामाचा मेसेजही पोचत नाही.

रील: गाणं कमी, टेप जास्त

इन्स्टाग्रामवर बहुतेक शोरूम काय टाकतात ते तुम्ही बघितलंच असेल. गाडीवरून लाल कापड ओढलं जातं, टाळ्या, फुगे, वर चित्रपटातलं गाणं. बिझनेस अकाउंटला तशी गाणी सहसा मिळत नाहीत, म्हणून कुणीतरी बाहेरून जोडून टाकतं आणि मग रीलचा आवाजच बंद होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या रीलमधून बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

एका रविवारी कांदिवलीहून एक कुटुंब आलं. मुलाला गाडी पसंत, सुनेला रंग पसंत. काकांनी मात्र खिशातून चिठ्ठी काढली. सोसायटीच्या स्टॅक पार्किंगच्या वरच्या पाळण्याची उंची त्यावर लिहिलेली होती. "रूफ रेलसकट उंची सांगा," ते म्हणाले. ब्रोशरमधल्या आकड्यात रेल धरले आहेत की नाहीत हे आमच्या सेल्सच्या मुलालाही छातीठोक सांगता येईना. शेवटी वर्कशॉपमधून टेप आणली, एकाने खाली धरली, दुसऱ्याने छतावर आडवी पट्टी ठेवून माप घेतलं. मी ते मोबाईलवर टिपलं. ना गाणं, ना फुगे. तीच रील लोकांनी एकमेकांना पाठवली. खाली प्रश्नच प्रश्न: या मॉडेलची उंची किती, शार्क फिन अँटेना धरून किती, आरसे मिटले की रुंदी किती. मुंबईत गाडी घेणाऱ्याला आधी ती ठेवायची कुठे हा प्रश्न पडतो, आणि कंपनीच्या झकपक जाहिरातीत त्याचं उत्तर कधीच नसतं. ते फक्त इथला शोरूम देऊ शकतो.

पावसाळ्याचंही तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ज्यांनी त्या दिवशी गाड्या पाण्यात सोडल्या ते आजही गाडी घेताना ग्राउंड क्लिअरन्स विचारतात. मिलन सबवे, हिंदमाता ही नावं घेतली की कुणाला समजवावं लागत नाही. जूनच्या सुरुवातीला सर्व्हिस ॲडव्हायझरला कॅमेऱ्यासमोर उभं करा आणि त्याच्याच शब्दांत बोलू द्या: पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका, इंजिनात पाणी गेलं तर साध्या पॉलिसीत नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. इलेक्ट्रिक गाडी विकत असाल तर सोसायटीत चार्जर बसवण्यासाठी कोणती कागदपत्रं लागली, हे ज्या गिऱ्हाइकाने ते केलं आहे त्याच्याकडूनच ऐकवा.

भाषेबद्दल विचारलं जातं. हिंदी रील जास्त लांब जाते हे खरं. पण आमचा डोंबिवलीचा सेल्स कन्सल्टंट मराठीत बोलला की खाली ठाण्याहून, वसईहून, दादरहून लोक त्याचं नाव घेऊन विचारतात आणि शोरूममध्ये येऊन त्यालाच शोधतात. जो ज्या भाषेत मोकळा होतो त्याने त्या भाषेत बोलावं. शुद्धलेखन तेवढं तपासा. पाडव्याच्या पोस्टमध्ये "हार्दीक शुभेच्छा" वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो.

डिलिव्हरीचे फोटो टाकताना परवानगी घ्या, तीही लिहून. आजीने नारळ वाढवला, नातीने चावी धरली, फोटो सुंदरच येतो. पण त्यात चेहरे असतात, नंबर प्लेट असते, कधी मागे घरचा पत्ता असलेला कागदही असतो. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या दारात आनंदाने आलेल्या माणसाशी वागायची ती रीत आहे.

इन्फ्लुएन्सर बोलवायचा विचार असेल तर एवढंच: पैसे किंवा भेट दिली असेल तर पोस्टवर जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेचे तसे नियम २०२१ पासून आहेत. आणि त्याचे फॉलोअर मुंबईचे किती आहेत ते आधी बघा. त्यापेक्षा मला आमचा टेपवाला मुलगा बरा वाटतो.

यूट्यूब आणि बाकीचे

यूट्यूबवर गाडीचा रिव्ह्यू करण्याच्या फंदात शोरूमने पडू नये. ते काम करणारे मुरलेले लोक आहेत, आणि विकणाऱ्याच्या रिव्ह्यूवर कोण विश्वास ठेवणार? पण लोक तिथे शोधायला येतात, आणि चांगला व्हिडिओ दोन-दोन वर्षं बघितला जातो. पहिल्या सर्व्हिसला काय करतात, कर्ज फिटल्यावर आरसीवरून बँकेचा बोजा कसा काढायचा, पीडीआयमध्ये, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीत, काय तपासायचं, असे सहा-सात मिनिटांचे व्हिडिओ महिन्याला एक झाला तरी पुष्कळ. या महिन्याचं टार्गेट त्यातून निघणार नाही, म्हणून मार्च अखेरीच्या घाईत त्यावर पैसा लावू नका. लिंक्डइन फक्त कॉर्पोरेट विक्रीला, तेही तुमचा माणूस बीकेसीत स्वतः फिरत असेल तर.

जुन्या गाड्यांचा धंदा असेल तर माझा क्रम बदलतो. तिथे प्रत्येक गाडी एकच असते, आज आहे उद्या नाही, म्हणून व्हॉट्सॲप स्टेटस आणि इन्स्टाग्राम स्टोरी आधी. फोटोत ओडोमीटर, आरसीवर कितवा मालक, सर्व्हिस हिस्ट्री दाखवा, आणि बंपरवरचा ओरखडा जवळून दाखवा. ओरखडा आधी बघून आलेला माणूस शोरूममध्ये त्यावरून भाव पाडत नाही.

एजन्सी की आपला माणूस

जाहिरात लावणं, बजेट बघणं, रिपोर्ट काढणं हे एजन्सीने करावं, तिला ते नीट येतं. रील आणि उत्तरं मात्र शोरूमच्या आतून जावीत. बाहेरचा मुलगा "बूट स्पेस"ला बुटांची जागा लिहून मोकळा होतो, आणि गिऱ्हाइकाने वेटिंग विचारलं की त्याला स्टॉक माहीत नसतो.

आम्ही पूर्वी एका एजन्सीला सगळंच सोपवलं होतं. पेज त्यांनीच उघडलेलं, ॲडमिन त्यांचाच एक मुलगा, जाहिरातीचं खातंही त्यांच्या नावावर. करार संपला, तो मुलगा तोवर नोकरी सोडून गेलेला, आणि पेजचा ताबा कुणाकडेच राहिला नाही. कित्येक दसरे-पाडव्यांचे डिलिव्हरीचे फोटो, लोकांच्या प्रतिक्रिया, कुणाला जाहिरात दाखवायची याच्या जमवलेल्या याद्या, सगळं तिथेच अडकलं. आम्ही नवीन पेज शून्यापासून उघडलं. जुन्या पेजवर अजूनही लोक मेसेज टाकतात आणि आम्हाला ते वाचता येत नाहीत. म्हणून कोणत्याही एजन्सीच्या करारावर सही करण्याआधी लॅपटॉप उघडायला सांगा, पेज आणि जाहिरात खातं तुमच्या कंपनीच्या ईमेलवर आहे का आणि पूर्ण ताब्याच्या यादीत कुणाकुणाची नावं आहेत, ते त्यांच्यासमोर बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.