भिंगातून दिसलेला ‘क्वेंट’

कंपॅक्ट ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, १९७१ची दोन खंडांची आवृत्ती. मी भाषांतराचं काम करते आणि गेली नऊ वर्षं हा कोश टेबलाच्या उजव्या हाताला असतो. १९३३चा बारा खंडी कोश पुरवणीसकट यात बसवलाय, मूळची चार पानं एका पानावर. अक्षर इतकं बारीक की खोक्याच्या वरच्या छोट्या खणात भिंग सोबतच दिलेलं आहे.

मला तो का लागतो, हे ‘क्वेंट’ (quaint) या एका इंग्रजी शब्दावरून सांगते. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकात जादूगार प्रॉस्पेरो आपल्या सेवेतल्या अदृश्य होणाऱ्या एरिअलला ‘माय क्वेंट एरिअल’ म्हणतो. फोनमधल्या कोशात एकच अर्थ होता: जुन्या वळणाचं, पण गोड. मी तो डोळे झाकून घेतला आणि हवेत विरून जाणाऱ्या त्या चपळ जिवाला ‘जुन्या वळणाचा’ करून टाकलं. मजकूर गेल्यावर चूक कळली. अजून सलते.

या कोशात अर्थ काळाच्या क्रमाने लावलेत, प्रत्येकाखाली सालासकट उतारे. शब्दाचं मूळ लॅटिन ‘कॉग्नितुस’, म्हणजे जाणलेला. ‘अक्वेंट’ (acquaint, ओळख करून देणं) हा त्याचाच भाऊबंद. म्हणून आधी जाणता, हुशार. मग कावेबाज. वस्तूबद्दल असेल तर कसबाने घडवलेली, माणूस असेल तर देखणा, ऐटदार. पुढे विचित्र, आणि अगदी शेवटी आजचा तो जुनेपणातला गोडवा. भिंग एकेक ओळ खाली सरकवताना शब्द वयात येताना दिसतो. एरिअलसाठी मला ‘चतुर’ हवा होता, फार तर ‘गुणी’. ‘माझ्या गुणी एरिअल’ म्हणून बघा, प्रॉस्पेरोचे लाडही ऐकू येतात.

त्रास आहेतच. खंड एका हाताने उचलत नाहीत. शिवणीजवळ पान वळतं, तिथे भिंग सपाट टेकत नाही आणि अक्षरं वाकडी होतात. रात्री दिव्याशिवाय उघडूच नका. आणि १९३३नंतरचं यात काही सापडणार नाही, त्यामुळे आजच्या बातमीसाठी हा कोश नाही.

जुनं इंग्रजी वाचणाऱ्याने मात्र तो घ्यावाच. जुना मिळाला तर आधी खण उघडून भिंग आत आहे ना, ते बघा.