दारोदार फिरायचं की आयोगापुढे बोलायचं?

वीजबचतीचं काम करणाऱ्या आमच्या सोसायटीच्या गटासमोर दोन वाटा आहेत.

पहिली, घरोघरी जाण्याची. साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३०. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. हे आकडे सांगून पटत नाहीत. मीटरपाशी नेऊन दाखवावं लागतं: घरातलं बाकी सगळं बंद, फक्त जुना पंखा चालू, आणि मिनिटाभरात लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. मग नवा पंखा लावून पुन्हा मोजायचं. शेजारच्या काकू स्वतः मोजतात, तेव्हा बोलणंच खुंटतं. पण भाडेकरू पैसे घालत नाहीत, घरमालकाला बिल भरायचं नसतं. तिथे गाडी अडते.

दुसरी वाट, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची जनसुनावणी. वीज कायदा २००३ नुसार दर ठरवण्याआधी लोकांच्या हरकती ऐकाव्याच लागतात. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट हे काम वर्षानुवर्षं करतो आहे. वीज कंपनीची दरांची याचिका जाडजूड, भाषा किचकट, आणि निकाल मनासारखा लागेलच असं नाही. पण एक आदेश लाखो घरांना लागू होतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल, म्हणजे वीजबचतीचे तारे दाखवणारी चिठ्ठी, सक्तीचं झालं, ते आयोगाने नव्हे, केंद्राने केलं, पण धोरणानेच. दारोदार फिरून झालं नसतं.

माझा कौल सुनावणीला. मात्र जाताना चाळीस घरांची बिलं हातात हवीत, आणि ती दारोदार फिरूनच मिळतात.