दगडापेक्षा वीट मऊ? अमेरिकेत दोन्ही उमेदवार नकोसे असताना मताचं काय करावं

८ नोव्हेंबर २०१६. मिशिगनमधल्या एका शाळेच्या जिममध्ये मी अमेरिकन नागरिक म्हणून पहिल्यांदा मत द्यायला उभी होते. मतपत्रिका चांगली हातभर लांब, दोन्ही बाजूंनी छापलेली. सगळ्यात वर राष्ट्राध्यक्षपद. डोनाल्ड ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन या दोन्ही नावांसमोरचे गोल मी बराच वेळ बघत राहिले. दोघांपैकी कुणासाठीच हात उचलेना. मी तो गोल कोरा सोडला आणि बाकीची पत्रिका मन लावून भरली. १९९२पासून सलग सहा वेळा मिशिगन डेमोक्रॅट पक्षाकडे गेलं होतं. २०१२मध्ये तर ओबामा इथे साडेनऊ टक्क्यांनी जिंकले होते. माझ्या एका गोलाने काय बिघडणार, असं मी धरून चालले.

मिशिगनचा निकाल १०,७०४ मतांनी लागला. राज्यातली मतदान केंद्रं मोजली तर केंद्रामागे जेमतेम दोन-अडीच मतं. आणि राष्ट्राध्यक्षपदाचा गोल कोरा असलेल्या मतपत्रिका होत्या ७५ हजारांहून जास्त. त्यातली एक माझी.

तेव्हापासून दर चार वर्षांनी, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, कुणीतरी मला हाच प्रश्न विचारतं: दोघंही नको आहेत, मग करायचं काय? कुणाला मत द्यायचं ते मी सांगत नाही. पण मतदाराच्या हातात नेमक्या कोणत्या वाटा आहेत आणि प्रत्येक वाट कुठे जाते, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. मी प्रत्येक वाटेला दोन प्रश्न लावते. तिने निकाल हलू शकतो का? आणि तुमचा राग कुणी वाचतं का?

दोघांतला कमी वाईट

निकाल हलवण्याची ताकद या वाटेइतकी दुसऱ्या कुठल्याच वाटेत नाही, कारण इथली रचनाच तशी आहे. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर ठरत नाही, राज्याराज्यांच्या प्रतिनिधी-मतदारांवर, म्हणजे इलेक्टरांवर ठरतो. एकूण ५३८ इलेक्टर, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडून प्रत्येक राज्यात ज्याला एका मताची आघाडी, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. २०१६मध्ये क्लिंटन यांना देशभरात जवळजवळ २९ लाख मतं जास्त मिळाली आणि तरी त्या हरल्या. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतला फरक एकत्र केला तरी ७८ हजारांच्या आत होता.

त्या वर्षीच्या एक्झिट पोलमध्ये १८ टक्के मतदारांनी दोन्ही उमेदवारांबद्दल नापसंती सांगितली होती. म्हणजे माझ्यासारखे लोक काही थोडे नव्हते. पण त्यातल्या बहुतेकांनी शेवटी दोघांपैकी एकाला मत दिलं: ४७ टक्क्यांनी ट्रम्प यांना, ३० टक्क्यांनी क्लिंटन यांना. दोघांनाही नापसंत करणारेच त्या निवडणुकीत वजनदार ठरले.

कमी वाईट ठरवायचं कसं, याचं एक जुनं उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. १८८४मध्ये ग्रोव्हर क्लीव्हलंड आणि जेम्स ब्लेन उभे होते. क्लीव्हलंड यांच्यावर लग्नाबाहेरच्या मुलाचा आरोप होता आणि त्यांनी तो फेटाळला नाही. ब्लेन यांच्यावर रेल्वे कंपन्यांशी भ्रष्ट व्यवहार केल्याचा आरोप होता. ब्लेन यांच्याच रिपब्लिकन पक्षातल्या सुधारकांनी, ज्यांना मगवंप म्हणत, असा हिशेब मांडला की एकाचा दोष खाजगी आयुष्यातला आहे आणि दुसऱ्याचा सार्वजनिक कारभारातला. आपल्याला कारभारी निवडायचा आहे. ते क्लीव्हलंडकडे गेले. न्यूयॉर्क राज्य हजार-अकराशे मतांच्या फरकाने क्लीव्हलंडना मिळालं आणि त्यासोबत राष्ट्राध्यक्षपदही. कुठला दोष या पदावर बसल्यावर लोकांना भोवेल, हा प्रश्न आजही तितकाच कामाचा आहे.

दुसरं म्हणजे, मत एका माणसाला दिलं तरी येतो सगळा गोतावळा. हजारभराहून जास्त पदांवरच्या नेमणुका राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट मंजूर करते. शिवाय न्यायाधीश. २०१६च्या मतदानाच्या दिवशी सुप्रीम कोर्टातली न्यायमूर्ती स्कॅलिया यांची जागा रिकामी होती. पुढच्या चार वर्षांत ट्रम्प यांनी तीन न्यायमूर्ती नेमले आणि जून २०२२मध्ये कोर्टाने गर्भपाताच्या हक्काबाबतचा जवळजवळ ५० वर्षं जुना निकाल रद्द केला. ट्रम्प यांचं वागणं न पटणाऱ्या कितीतरी धार्मिक मतदारांनी कोर्टाकडे बघून त्यांना मत दिलं होतं. त्यांना हवं ते मिळालं. माझ्यासारख्या कोऱ्या गोलवाल्यांचं त्या निकालाबद्दल काहीही मत असो, त्यात आमचा हात नव्हता.

या वाटेची किंमतही खरी आहे. मतपत्रिकेवर "नाइलाजाने" असं लिहायला जागा नसते. तुमचं नाक दाबून दिलेलं मत आणि टोपी घालून सभांना जाणाऱ्याचं मत एकाच ढिगात पडतं, आणि दुसऱ्या दिवशी विजेता सांगतो की जनतेने माझ्या कार्यक्रमाला कौल दिला. निकाल हलतो, राग वाचला जात नाही.

तिसऱ्या पक्षाला मत

इथे जरा थांबायला हवं, कारण गणपतीत सर्वात जास्त वाद याच वाटेवरून होतो.

२०००मध्ये फ्लोरिडा ५३७ मतांनी डेमोक्रॅट अल गोर यांच्या हातून निसटून रिपब्लिकन बुश यांच्याकडे गेलं आणि ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना तिथे ९७,४८८ मतं होती. २०१६मध्ये मिशिगनमध्ये त्याच पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१,४६३ मतं पडली, म्हणजे फरकाच्या जवळजवळ पाचपट. एवढ्यावरून "तिसऱ्याने घात केला" असं म्हणणं सोपं आहे. पण त्याच मिशिगनमध्ये लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन यांना १ लाख ७२ हजार मतं होती, आणि त्यातली कितीतरी एरवी रिपब्लिकनांकडे जाणारी. स्टाइन उभ्याच नसत्या तर त्यांचे किती मतदार घरीच बसले असते, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या मतावर हक्क सांगू नये. स्वतःच्या मताबद्दल मात्र प्रामाणिक असावं: चुरशीच्या राज्यात तिसऱ्याला दिलेलं मत म्हणजे दोघांपैकी कुणीही आलं तरी चालेल, असं सांगणं. तुमच्या मनात खरंच तसं असेल तर ते मत योग्य जागी गेलं. नसेल तर नाही.

आणि राग वाचला जातो का? कधी कधी, हो. १९९२मध्ये रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं मिळाली. इलेक्टर एकही नाही. पण त्यांच्या प्रचारात सरकारी तुटीचा विषय सतत पुढे होता, आणि त्यानंतर दोन्ही पक्षांना तो टाळता आला नाही. मागणी सोपी होती आणि आकडा मोठा होता, म्हणून ती मतं वाचली गेली. दोन-तीन टक्क्यांवर थांबलेल्या मतांतून प्रत्येक जण आपल्याला हवा तो अर्थ काढतो.

"पाच टक्के मिळाले तर पुढच्या वेळी पक्षाला सरकारी निधी मिळतो" हा युक्तिवादही ऐकू येतो. नियम खरा आहे. २०१६मध्ये जॉन्सन देशभरात ३.३ टक्क्यांवर अडकले. पेरो यांच्या रिफॉर्म पक्षाने तो टप्पा गाठला होता, पण २०००मध्ये तो निधी गेला पॅट ब्यूकॅनन यांच्या प्रचाराला, आणि त्यांना अर्धा टक्काही मतं मिळाली नाहीत. पैसा आला, पक्ष टिकला नाही.

कॅलिफोर्नियातल्या मतदाराचं गणित मात्र वेगळं. तिथे २०१६चा फरक ४० लाखांच्या वर होता. अशा राज्यात तिसऱ्याला मत देऊन काहीच जोखीम पत्करावी लागत नाही, आणि दोघांविरुद्धची नोंद होते. पण "आमचं राज्य पक्कं आहे" हे वाक्य जपून वापरावं. न्यू जर्सीत, जिथे आपली इतकी मराठी माणसं आहेत, २०२०मध्ये डेमोक्रॅट जवळजवळ १६ टक्क्यांनी पुढे होते; २०२४मध्ये सुमारे सहा टक्क्यांनी. मिशिगनबद्दल मी २०१६मध्ये जे धरून चालले, ते तर वर सांगितलंच.

मेनमध्ये २०२०पासून राष्ट्राध्यक्षपदासाठी पसंतीक्रमाने मत देता येतं. पहिली पसंती तिसऱ्याला, दुसरी दोघांतल्या कमी वाईटाला; कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तुमची पहिली पसंती बाद झाल्यावर मत दुसऱ्या पसंतीकडे सरकतं. अलास्कातही आता तसंच आहे. तिथे राहत असाल तर हा सगळा पेच तुमच्यापुरता सुटला.

कोरा गोल, हाताने लिहिलेलं नाव, घरी बसणं

या तिन्हींचा आढावा लवकर संपतो. बऱ्याच राज्यांत हाताने लिहिलेलं नाव तेव्हाच मोजतात, जेव्हा त्या व्यक्तीने आधी तसा अर्ज भरलेला असतो. मिशिगनमध्येही तसंच. ओक्लाहोमा आणि साउथ डकोटात तर नाव लिहिण्याची सोयच नाही. आपल्या आजोबांचं नाव लिहून समाधान मिळत असेल, पण यंत्राच्या दृष्टीने तो कोरा गोलच. आणि कोरा गोल रागाने सोडला, विसरून सोडला की शाई नीट लागली नाही, हे कुणालाच कळत नाही. माझा २०१६चा गोल कुणीही वाचला नाही.

घरी बसणं मला सर्वात वाईट वाटतं, कारण त्यात उरलेली सगळी पत्रिकाही जाते. मिशिगनमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, विद्यापीठाचे रीजंट म्हणजे नियामक मंडळाचे सदस्य, घटनादुरुस्तीचे प्रस्ताव हे सगळं त्याच कागदावर असतं. मतदारसंघांच्या सीमा आखण्याचं काम आमदारांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे द्यावं, हे आम्ही २०१८मध्ये त्याच कागदावर ठरवलं.

"इथे नोटा असायला हवा होता," असं अनेक जण म्हणतात. एका राज्यात तो आहे. नेवाडात १९७६पासून "यांपैकी कुणीही नाही" हा पर्याय छापलेला असतो. २०१६मध्ये त्याला २८,८६३ मतं पडली, आणि तिथला जय-पराजयाचा फरक होता २७,२०२. फेब्रुवारी २०२४च्या रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, जिथे ट्रम्प यांचं नावच नव्हतं, उमेदवारी मागणाऱ्या निकी हेली या पर्यायाच्या मागे पडल्या. पण "कुणीही नाही" पहिला आला तरी जिंकतो तो सर्वात पुढचा माणूसच. आपल्याकडच्या विधानसभेतही तसंच. २०१९मध्ये लातूर ग्रामीण आणि आमच्या सांगलीकडच्या पलूस-कडेगावात नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, पलूस-कडेगावात वीस हजारांवर मतं घेऊन. विजेता दीड लाखाच्या फरकाने निवांत पुढे. तरी कोऱ्या गोलापेक्षा नोटा बरा, कारण त्याचा आकडा छापला जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतो.

फेब्रुवारीचा राग आणि नोव्हेंबरचा राग

ही तुलना मला सर्वात महत्त्वाची वाटते आणि गणपतीत ती करायला नेहमी उशीर झालेला असतो. नोव्हेंबरात दोनच नावं उरतात, कारण चाळणी आधीच्या प्रायमरीत लागलेली असते. तिथे मतदार कमी येतात, म्हणून एकेका मताचं वजन जास्त.

२७ फेब्रुवारी २०२४ला मिशिगनच्या डेमोक्रॅट प्रायमरीत एक लाखाहून जास्त लोकांनी "अनकमिटेड", म्हणजे कुणाशीही बांधील नाही, या पर्यायावर खूण केली. गाझातल्या युद्धाबाबत बायडन यांच्या धोरणावरचा तो राग होता, आणि तो कशाचा आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. मोहीम तापत असतानाच व्हाइट हाउसचे वरिष्ठ अधिकारी डिअरबॉर्नला, मिशिगनमधल्या अरब वस्तीच्या शहरात, येऊन लोकांना भेटून गेले. पक्षाच्या अधिवेशनात या गटाचे प्रतिनिधी गेले. त्यांना व्यासपीठावर बोलू दिलं नाही, धोरणही फारसं बदललं नाही. राग वाचला गेला, मानला गेला नाही.

नोव्हेंबरात त्याच डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, बायडन यांच्या जागी डेमोक्रॅट उमेदवार झालेल्या कमला हॅरिस यांना ३६ आणि स्टाइन यांना १८ टक्के मतं पडली. मिशिगन सुमारे ८० हजारांच्या फरकाने ट्रम्प यांच्याकडे गेलं. राज्यातली स्टाइन यांची सगळी मतं हॅरिसना मिळाली असती तरी तो फरक भरला नसता. त्यानंतर प्रत्येक विश्लेषकाने हरण्याचं वेगळं कारण सांगितलं: महागाई, स्थलांतर, उमेदवार उशिरा बदलणं, गाझा. फेब्रुवारीत स्वच्छ ऐकू आलेला आवाज नोव्हेंबरच्या गोंगाटात मिसळून गेला.

म्हणून आता मला विचारणाऱ्याला मी आधी दोन गोष्टी विचारते. तुमचं राज्य गेल्या तीन निवडणुकांत किती फरकाने गेलं? आणि दोघांपैकी कुणीही आलं तरी तुमच्या आयुष्यात, किंवा तुम्हाला ज्यांची काळजी आहे त्यांच्या आयुष्यात, काहीच फरक पडणार नाही, असं तुम्हाला मनापासून वाटतं का? फरक पाच टक्क्यांच्या आत असेल आणि दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल, तर मी विटेकडे बोट दाखवते. फरक वीस टक्क्यांचा असेल तर तिसऱ्याला खुशाल मत द्या.

पण एक माणूस असा भेटला, ज्याला हे प्रश्न मी विचारू शकले नाही. डिअरबॉर्नमधला, माझ्या नवऱ्याचा जुना सहकारी. त्याच्या नात्यातली माणसं त्या युद्धात गेली होती. त्याच्यासमोर विटेची आणि दगडाची म्हण मला तोंडातून काढवेना. तो म्हणाला, या वेळी मी मतदानालाच जाणार नाही. मी एवढंच म्हटलं की वरचा गोल सोडायचा तर सोड, पण जा, आणि कागद उलट. मागच्या बाजूला न्यायाधीश आहेत आणि तुझ्या मुलीच्या शाळेचं मंडळ आहे.